पाऊण वाटीचा दिवस

पहाटे 5

नोव्हेंबरात वरूडची पहाट चांगलीच गार असते आणि गार पाणी माझ्या पोटाला सोसत नाही. म्हणून उठल्यावर आधी पाणी कोमट करते. एक घोट घ्यायचा, अंगण झाडायचं. दुसरा घोट, मग सासूबाईंचा चहा चढवायचा. एक पेला पाणी संपायला मला अर्धा तास लागतो.

फेब्रुवारी 2022 मध्ये नागपूरला माझं बायपास झालं. हृदयाचं नव्हे, जठराचं. जठराच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी पिशवी वेगळी करतात आणि ती लहान आतड्याला जोडून देतात. बाकीचं जठर पोटात जागच्या जागी राहतं, पण अन्न त्या वाटेनं जात नाही. त्या लिंबाएवढ्या पिशवीत तांब्याभर पाणी कुठून मावणार? तो पहिला उन्हाळा मी कधी विसरणार नाही. बाहेर वऱ्हाडातलं ऊन, घशाला कोरड, आणि पाणी प्यायचं ते चमच्या-चमच्यानं. दोनदा सलाईन लावावं लागलं.

पाण्यानंतर लोहाची गोळी, तिच्यासोबत संत्र्याच्या तीन फोडी. आंबट फळासोबत लोह अंगी लागतं, आणि आमच्या घरी संत्र्याला तोटा नाही. पण फोड तशीच तोंडात टाकता येत नाही. आधी पाठीवरची पांढरी शीर नखानं ओढायची. मग फोड मधोमध उघडायची, पापुद्रा दोन्ही अंगांनी सोलायचा, बिया काढायच्या आणि आतला ओला गर तेवढा जिभेवर ठेवायचा. शिरा आणि पापुद्रा पचत नाहीत. नव्या अरुंद वाटेत त्यांचा गोळा होऊन ती बंद पडू शकते. गाव वरूड म्हणून सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी ही सूचना कागदावर वेगळी लिहून दिली होती. ज्या गावच्या रेल्वे स्टेशनच्या नावातसुद्धा ऑरेंज सिटी आहे, त्या गावात वाढलेली मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी संत्रा खायला नव्यानं शिकले. तीन फोडींना दहा मिनिटं लागतात.

माझा चहा त्यानंतर तासाभरानं, कारण चहानं लोह अडतं. कॅल्शियमची गोळी लोहापासून निदान दोन तास लांब, तीही दिवसातून दोनदा विभागून, कारण शरीर एका वेळी थोडंच घेतं. शिवाय बी-बारा, ड जीवनसत्त्व, आणि सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी. हे जन्मभराचं आहे.

एवढं सगळं बारकाईनं सांगते आहे, कारण मला कानावर रोज एकच येतं: “सोपं काम केलं तुमी.”

सकाळी 6

शेंदूरजन्याच्या रस्त्यानं चालायला जाते. चाळीस मिनिटं, शेजारच्या दोघीजणींसोबत. दोन्ही अंगांना बागा आहेत, आणि या दिवसांत कुठेकुठे तोडणीचे मजूर आमच्याही आधी पोचलेले असतात.

ऑपरेशनच्या आधी माझं वजन 118 किलो होतं आणि उंची 157 सेंटिमीटर. बीएमआय 48 च्या घरात. चौकातल्या किराणा दुकानापर्यंत जाऊन यायचं तर वाटेत दोनदा ओट्यावर टेकावं लागे. “चालली असतीस तर कशाले कापायची पाळी आली असती,” असं म्हणणाऱ्यांनी ते गुडघे वागवलेले नाहीत. ऑपरेशन करून मी चालणं टाळलं नाही. मला चालता येऊ लागलं ते ऑपरेशनमुळे. लोक याचा क्रम उलटा लावतात, आणि मला त्याचं मनापासून दुःख होतं.

आणि प्रयत्न केले नव्हते का? 2018 च्या सुमारास महाराष्ट्रातल्या घराघरांत वाद चालला होता. वजन उतरवायला डॉ. दीक्षित सांगतात तसं दोन वेळाच जेवायचं, की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात तसं दर दोन तासांनी खायचं? आमच्या घरातही तो झाला. मी त्याआधीही बरंच केलं होतं, त्यानंतरही केलं. चार वेळा दहा-बारा किलो उतरवले आणि चारही वेळा ते परत आले, येताना दोन-तीन किलो सोबत घेऊन. दर वेळी वाटायचं, खोट माझ्यातच आहे.

नागपूरच्या डॉक्टरांनी मला अमेरिकेतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. वजन उतरवायच्या टीव्हीवरच्या स्पर्धेतले चौदा स्पर्धक सहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले. 2016 मध्ये त्याचा निष्कर्ष आला. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं आणि त्यांचं शरीर दिवसाला अपेक्षेपेक्षा 500 च्या आसपास कॅलरी कमी जाळत होतं. वजन घटलं की शरीराला तो दुष्काळ वाटतो. ते खर्च आवरतं आणि भूक वाढवतं. हे ऐकून मी त्या खोलीत रडले. माझं शरीर माझ्याविरुद्ध झुंजत होतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, सगळ्यांनी मला आळशीच ठरवलं होतं. बायपासनं पोट लहान होतं एवढंच नाही, भुकेचे आणि पोट भरल्याचे निरोप मेंदूला धाडणारी संप्रेरकंही बदलतात. सात वर्षांपासून वाढलेली माझी साखर फारसं वजन उतरायच्या आधीच, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, खाली आली होती.

सकाळी 8

घरच्यांसाठी पोहे. माझ्यासाठी एक उकडलेलं अंडं आणि मुगाचं अर्धं धिरडं. आधी अंडं, कारण जागा भरायच्या आत प्रथिनं पोटात जायला हवीत. खाताना पाणी नाही, आणि खाल्ल्यावर अर्धा तास नाही. एक घास पंचवीस वेळा चावते. सुरुवातीला मोजायची, आता जबड्याला सवय झाली आहे. घास घाईनं गेला तर छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखं होतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि उठून मोरीकडे पळावं लागतं.

सासूबाई समोर बसून पाहतात. ऑपरेशनला सगळ्यात जास्त विरोध त्यांचा होता. 2017 मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईला उपचारासाठी आली होती. पाचशे किलोची बाई म्हणून टीव्हीनं महिनोन् महिने दाखवली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती अबुधाबीत वारली. सासूबाईंच्या मनात तेच घर करून होतं. “मरशीन बाई,” म्हणायच्या, “लेकराईचं काय?” त्यांची भीती खरी होती, मला ती कळत होती. दवाखान्यानं कागदावर सही घेतली तेव्हा त्यावर रक्ताच्या गुठळ्या, टाका गळणं, पुन्हा ऑपरेशन आणि मृत्यू हे सगळे शब्द होते. आता हे ऑपरेशन पुष्कळ सुरक्षित झालं आहे, दगावणारे हजारात मोजके. पण सही करताना आपण त्या मोजक्यांत नाही हे कुणाला ठाऊक असतं?

मला याचंच नवल वाटतं. ऑपरेशनच्या आधी महिनाभर नात्यातले सगळे म्हणत होते, मरशील. वर्षभरानं, चाळीस किलो उतरल्यावर, तेच म्हणू लागले, सोपा मार्ग धरला. ज्या वाटेवर मरण दिसत होतं ती पोचल्यावर सोपी कशी झाली?

सकाळी साडेनऊ

संत्र्याच्या शेडमध्ये माझं काम हिशोबाचं. आंबिया बहार जोरात आहे. बागेतून कॅरेट येतात, मशीनवर फळ धुतलं जातं, त्यावर मेण चढतं, आकारानं वेगळं होतं. बारीक फळ, ज्याला आम्ही चुरी म्हणतो, एका बाजूला पडतं. कोणत्या बागेचे किती कॅरेट, चुरी किती, मजुरी, उचल, ट्रकचं भाडं, सगळं माझ्या वहीत. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेल्यापासून इथल्या बोलण्याला भावाशिवाय विषय नाही. फळगळीतून जे वाचलं त्यालाही दाम मिळेल की नाही, या काळजीत माणसं येतात.

पूर्वी मला इथे प्लास्टिकची खुर्ची देत नसत. एकदा खुर्चीचा पाय मोडून मी पडले होते. मग माझ्यासाठी लोखंडी स्टूल आलं, पाठ टेकायला काही नसलेलं. ते अजून कोपऱ्यात आहे. मी आता खुर्चीत बसते.

बाटलीवर मी पेननं रेघा मारल्या आहेत. दहापर्यंत पहिली रेघ, अकरापर्यंत दुसरी.

सकाळी 11

कलमावाले काकाजी आले. शेंदूरजना घाटला संत्र्याच्या रोपवाटिका आहेत. लांबलांबून शेतकरी तिथं कलमा न्यायला येतात, आणि काकाजींचा जन्म त्यातच गेला. ते मायाळू आहेत, बोलतात ते कुत्सितपणे नाही. पैसे मोजून घेता घेता म्हणाले, “वयनी, तुमचं बरं झालं. चाकू लावला अन् मोकये झाले. आमची सून तीन वर्सं झाले उपाशी राहून राहिली, काही फरक नाही.”

एरवी मी हसून सोडून देते. आज नाही सोडलं.

“काकाजी, एक डोळा बांधायले तुम्हाले किती वेळ लागते?”

“मिनिट बी नाही लागत.”

खालच्या खुंटासाठी लावलेलं जंबेरी लिंबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की खोडावर चाकूनं चीर द्यायची, साल हलकेच उचलायची, चांगल्या झाडाचा काढलेला डोळा आत सरकवायचा आणि पट्टी गुंडाळायची. मी त्यांचे हात काम करताना पाहिले आहेत. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, पण साल कधी फाटत नाही.

“अन् फळ यायले?”

“पाच वर्सं समजा.”

“मंग शेतकऱ्याले तुम्ही काय सांगता, डोळा बांधला, आता घरी जाऊन झोपा?”

ते गप्प झाले. ते काय सांगतात हे मला ठाऊक आहे, कारण दर पावसाळ्यात मी ते ऐकते. बांधलेल्या जागेच्या खालून जंबेरीचे फुटवे येत राहतील, ते खुडत राहा. कलमेचा जोड मातीत गाडू नका. दोन पावसाळे दुर्लक्ष केलं तर जंबेरी माजते, संत्रा मरते.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, “फुटवे येतेत का तुमाले?”

इतक्या वर्षांत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. येतात, मी म्हटलं. पहिलं वर्ष भूक जणू गावाला गेली होती. दुसऱ्या वर्षी ती परत आली. जुनी ओढही परत आली. संध्याकाळी एकटीनं बसून फरसाण खाण्याची, रागात खाण्याची. पोट कापलं, मन तर कुणी कापलं नव्हतं. मी 72 किलोपर्यंत उतरले होते, आज 77 आहे. गेल्या वर्षी पाच किलो चढले तेव्हा काटा पाहून माझे हात थरथरले होते. पुन्हा आहारतज्ज्ञाकडे गेले, पुन्हा वही लिहायला घेतली, रोज काय खाल्लं ते. ज्यांच्या हातून हे सुटतं त्यांचं वजन बरंच परत येतं, आणि त्यांना दुहेरी बोल बसतात: ऑपरेशन करूनही जमलं नाही!

काकाजींनी सुनेला घेऊन येतो म्हटलं. मी म्हटलं, आणा, पण तिला उपाशी ठेवू नका.

दुपारी सव्वाएक

डबा. पाऊण वाटी घट्ट वरण, पनीरचे चार तुकडे, चुक्याची भाजी दोन चमचे, ज्वारीच्या भाकरीचा चतकोर. भाकरी शेवटी, जागा उरली तर. बाकीच्या बायांचं जेवण दहा मिनिटांत होतं, मी अर्ध्या तासानं डबा बंद करते.

एकटं जेवणं मला जड जात नाही. जड जातात ती सणाची जेवणं. महालक्ष्म्यांच्या ताटात सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, वडे असतात. ताटात काही टाकायचं नाही ही शिकवण आपल्या हाडात असते. आणि मी चार घासांवर थांबते. वाढणारीला तो अपमान वाटतो. “आता मोठी बारीक झाली, आमच्या घरचं चालत नाही.” एकदा मान राखायला अर्धा बुंदीचा लाडू खाल्ला. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामानं पातळ भिजलं, पोटात मुरडा आला, आणि पाहुण्यांच्या घरातल्या खाटेवर तासभर पडून राहावं लागलं. बायपासनंतर साखर आतड्यात एकदम उतरते, त्याचा हा त्रास. तेव्हापासून हात जोडून नाही म्हणते. नाही म्हणणं मला ऑपरेशननंतर शिकावं लागलं, ते कुठल्या चाकूनं येत नाही.

दुपारी साडेतीन

ट्रक भरून गेला की शेड शांत होतं. पूर्वी याच वेळी झोप अनावर व्हायची. रात्री झोपेत श्वास अडायचा, त्यामुळे दिवसभर डोळ्यांवर झापड. आता ती नाही.

चहाला व्यापारी, ड्रायव्हर, मजूर सगळे एकत्र. आज कुणीतरी म्हणालं, हे पैसेवाल्यांचं काम. नागपूरच्या नितीन गडकरींनी भाजपचे अध्यक्ष असताना 2011 मध्ये मुंबईत वजन आणि मधुमेहासाठी ऑपरेशन करून घेतलं, ते सगळ्यांना आठवतं. त्यांच्याबद्दल बोलताना इथली माणसं म्हणतात, तब्येतीकडे लक्ष दिलं, बरं केलं. अरुण जेटलींनी अर्थमंत्री असताना सप्टेंबर 2014 मध्ये केलं, त्यानंतर त्रास होऊन त्यांना एम्समध्ये दाखल व्हावं लागलं होतं. त्यांना कुणी सोपा मार्ग म्हटलं नाही. शेडमध्ये हिशोब लिहिणाऱ्या बाईनं केलं की तो आळस होतो. पुरुषाची तब्येत आणि बाईचा आळस, हा भेद मला मान्य नाही, आणि मी तो आज सगळ्यांसमोर बोलून दाखवला.

पैशाचं म्हणाल तर माझ्या विमा कंपनीनं पहिल्यांदा कागद परत पाठवले. हे दिसण्यासाठीचं ऑपरेशन आहे म्हणून. विमा नियामकानं 2019 मध्ये अटी लिहून दिल्या आहेत: वय 18 किंवा वर, बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार, डॉक्टरांचा सल्ला, आणि आधीचे कमी त्रासाचे उपाय फसलेले असणं. त्या अटींत मी बसत होते. डॉक्टरांचं पत्र आणि सात वर्षांची साखरेची कागदपत्रं पुन्हा जोडली, तेव्हा मंजूर झालं. उरलेल्यासाठी बांगड्या मोडल्या. आधीचे उपाय फसलेले असणं, हे सरकारी कागदसुद्धा मानतो. गावाला मात्र ते मानायला जड जातं.

मोतीबिंदू काढणाऱ्याला कुणी म्हणत नाही, डोळ्यांचा व्यायाम करायचा होता. लठ्ठपणाच्या आजारातच बरं होण्याआधी माणसानं पुरेसं सोसलं की नाही याचा हिशोब मागतात.

संध्याकाळी 6

शेड बंद करताना फळ निवडणारी एक मुलगी थांबली. सव्वीस वर्षांची, शंभराच्या पुढे वजन, साखर आत्ताच सुरू झालेली. सगळे गेल्यावर हळूच म्हणाली, “ताई, लई दुखते का?”

मी तिला खरं सांगितलं. दुखतं ते आठवडाभर. आधी दोन आठवडे पातळ आहार, यकृत लहान व्हावं म्हणून. ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी उठवून चालायला लावतात, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. मग पंधरा दिवस नुसतं पातळ, मग गुरगुट, मग मऊ. तिसऱ्या महिन्यात केस गेले, वेणी अर्धी झाली, पुढे बरेचसे आले. पोटावरची, दंडावरची कातडी लोंबते, उन्हाळ्यात घड्यांमध्ये घामोळं येतं आणि चिघळतं. वजन भराभर उतरलं की पित्ताचे खडेही होऊ शकतात. नंतर वर्ष-दीड वर्ष मूल होऊ द्यायचं नाही.

“आई म्हणते लग्न जुयन.”

लग्नासाठी करू नकोस, मी म्हटलं. साखरेसाठी कर, श्वासासाठी कर. बघायला येणाऱ्यांसाठी आतडं कापून घ्यायचं नाही.

तिनं विचारलं, मग मी सगळ्यांसारखी होईन का? स्वीडनमध्ये 1987 पासून अशा हजारो लोकांवर लक्ष ठेवलं आहे. 2020 मध्ये त्यांनी हिशोब दिला. ऑपरेशन केलेले लोक, तितक्याच वजनाच्या न केलेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले. तरी सर्वसाधारण माणसापेक्षा साडेपाच वर्षं कमी. दोन्ही आकडे तिला सांगितले, एकच सांगितला असता तर ती फसवणूक झाली असती. कदाचित तिला ऑपरेशन लागणारही नाही, गोळ्यांनी, आहारानं भागेल. ते डॉक्टर ठरवतील. आणि लागलंच, तर गावात कोण काय म्हणेल ते ऐकायला मी आहे.

नागपूरच्या डॉक्टरांना दाखवायला ती गुरुवारी सुटी मागणार आहे.

रात्री साडेनऊ

कॅल्शियमची दुसरी गोळी. बाटलीची शेवटची रेघ अजून दोन बोटं वर आहे, झोपेपर्यंत संपवायची.

सासूबाई खाटेवर बसून संत्रा सोलत होत्या. त्यांनी फोड उघडली, शीर ओढली, पापुद्रा काढला आणि गर माझ्यापुढे धरला. त्यांचे हात थरथरतात, गर अर्धा चुरगळला होता. मी खाल्ला. “गुरुवारी कोठी चालली?” त्यांनी विचारलं. नागपूरला म्हटलं, शेडमधल्या पोरीसोबत. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, दुसरी फोड उघडायला घेतली.

वहीत आजचं लिहिलं: अंडं एक, धिरडं अर्धं, वरण पाऊण वाटी, पनीर चार तुकडे, भाकरी दोन घास, रात्री दही आणि उसळ, फोडी पाच. गुरुवारी पहिल्या एसटीनं निघायचं तर चारला उठावं लागेल. त्या पोरीच्या रिपोर्टांची फाइल लावून घ्यायची आहे. रिकाम्या पोटी रक्त द्यावं लागेल हे तिला सांगायचं राहूनच गेलं, उद्या सकाळी आधी ते सांगते.